शरणपुराचा प्रश्न

२४ मार्च १९८२ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या टक्सन शहरी साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने, पाद्री जॉन फाइफ यांच्या पुढाकाराने, एल साल्वादोर आणि ग्वातेमाला येथील हिंसाचारातून जीव घेऊन आलेल्यांना आपल्या आवारात आश्रय असल्याचे जाहीर केले आणि स्थलांतर खात्याने हे पवित्र स्थान भ्रष्ट करू नये, अशा अर्थाचा फलक दाराशी लावला. एल साल्वादोरमधील आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची मिस्सा चालू असताना हत्या झाली, त्याला त्या दिवशी दोन वर्षे पूर्ण होत होती.

या आश्रयाचे मूळ बायबलच्या जुन्या करारात आहे. ‘गणना’ या ग्रंथात सहा शरणपुरे सांगितली आहेत, म्हणजे ज्याच्या हातून चुकून मनुष्यवध घडला त्याने सूड घेणाऱ्यापासून पळून जावे अशी नगरे. (एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना जिथे आसरा मिळाला, त्या नाशिकच्या शरणपुराचे नावही हेच.) बायबलमधील त्या नगरांतले संरक्षण मंडळीपुढे न्यायनिवाडा होईपर्यंत मिळे; म्हणजे शरण देणे हे न्याय चुकवण्यासाठी नसून न्याय होईपर्यंत माणूस जिवंत राहावा यासाठी होते, आणि टक्सनच्या वादाचे मर्म येथेच आहे. १९८० च्या निर्वासित कायद्याने छळाची साधार भीती असणाऱ्यास आश्रय मागण्याचा हक्क दिला होता; तरी त्या दोन्ही देशांच्या सरकारांना वॉशिंग्टनचा पाठिंबा असल्याने तेथून आलेल्यांचे अर्ज १९८४ मध्ये शंभरात तीनही मंजूर होत नव्हते.

म्हणूनच फाइफ यांचे सहकारी, क्वेकर पंथाचे जिम कॉर्बेट यांनी या कार्याला सविनय कायदेभंग म्हणण्याचे नाकारले. कायदेभंग करणारा अन्यायी कायदा मोडून शिक्षा पत्करतो. येथे कायदा न्याय्य होता, तो मोडत होते सरकार, आणि सरकारने सोडलेले त्याचे पालन नागरिकांनी उचलायचे, यास त्यांनी ‘नागरी पुढाकार’ म्हटले. विरोधक प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातील, सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहण्याच्या आज्ञेकडे बोट दाखवीत. त्याहून जड आक्षेप असा की, कायद्याचा अर्थ प्रत्येक गट लावू लागला, तर बंदूक घेऊन सीमेवर उभा राहणाराही तोच अधिकार सांगेल. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर अहिंसा व उघडपणा या दोन अटींतच मिळते: फाइफ यांनी घोषणेआधी अमेरिकेच्या अ‍ॅटर्नी जनरलना पत्राने कळवले होते. मात्र निर्वासितांच्या वाटा गुप्तच ठेवाव्या लागत, आणि या ठिकाणी तत्त्वाला ताण बसतो, हे मान्य केले पाहिजे.

सरकारने त्या उघडपणाला खबऱ्यांनी उत्तर दिले. त्यांनी अंगावर ध्वनिमुद्रक लपवून मंडळीच्या बैठकांत बसावे, ही गोष्ट दारावर पोलीस येण्यापेक्षा अधिक घातक होती, कारण तिने सोबतीने प्रार्थना करणाऱ्यांच्या विश्वासालाच हात घातला. पुढे या कार्यातील अकरा जणांवर भरलेल्या खटल्यात धर्मश्रद्धा व मध्य अमेरिकेतील स्थिती ज्युरीपुढे बचाव म्हणून मांडण्यास न्यायाधीशांनी मनाई केली. १ मे १९८६ रोजी अकरांपैकी आठ जण दोषी ठरले, पण कोणालाही तुरुंगवास झाला नाही. पुढे चर्च संघटनांनीच भरलेल्या दाव्यात १९९१ साली तडजोड झाली आणि त्या दोन देशांतील लोकांच्या नाकारलेल्या अर्जांवर नव्याने सुनावणी घेण्याचे सरकारने मान्य केले.