वर्गणीचं देऊळ

परदेशातल्या हिंदू मंदिरांविषयी मराठीत जे लिहून येतं ते बहुतेक दगडाविषयी असतं. लंडनच्या नीसडनमधल्या स्वामिनारायण मंदिरासाठी बल्गेरियाचा चुनखडक आणि इटलीचा संगमरवर भारतात आणून कोरला, सव्वीस हजारांवर तुकडे जहाजाने परत नेले आणि १९९५ साली मंदिर उभं केलं, ही हकिगत आता पाठ झाली आहे. न्यू जर्सीत रॉबिन्सव्हिलला २०२३ मध्ये अक्षरधाम झालं तेव्हाही एकर, टन आणि शिखराची उंची यांचीच चर्चा झाली. कौतुक रास्त आहे. पण शिल्पशास्त्र जुनंच आणि कारागिरीही इथलीच. त्यात समुद्रापार जाऊन फारसं नवं घडलेलं नाही. नवं घडलं ते कार्यालयाच्या खोलीत. जमीन कुणाच्या नावावर, पुजाऱ्याचा पगार कोण देतं, विश्वस्त निवृत्त झाला की त्याची जागा कोण भरतं, मत कुणाला आहे, या प्रश्नांची उत्तरं परदेशातल्या देवळांना पहिल्या दिवसापासून कागदावर द्यावी लागली. माझं म्हणणं असं की त्या देवळांचं खरं नवेपण इथे आहे. आणि ते समजून घ्यायला व्हिसा लागत नाही, कल्याण लोकल पुरते.

ठाणे ते अंबरनाथ या रेल्वेमार्गावर देवळांच्या मालकीचा जवळजवळ हजार वर्षांचा इतिहास पाहायला मिळतो. टोकाला अंबरनाथचं शिवमंदिर. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ सांगणारा तिथला शिलालेख शिलाहार राजा मम्वाणीचं नाव घेतो. वालधुनीच्या काठचं हे भूमिज शैलीचं देऊळ. मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं, आणि बाहेरच्या भिंतींवर कोरीव कामावाचून सोडलेली जागा शोधावी लागते. इतकं काम राजाच्या खजिन्यातूनच होऊ शकतं. आसपासच्या गावकऱ्यांनी तिथे दगड वाहिले असतील, देवाला पाणी घातलं असेल. देऊळ कसं चालावं हे त्यांना कुणी विचारलं नसणार. ठाण्याचं कौपिनेश्वर मंदिर सातशे वर्षांनी नव्याने उभं राहिलं ते सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांच्या पुढाकाराने, १७६० च्या सुमारास. बिवलकर म्हणजे कल्याणच्या सुभेदारवाड्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते. राजा गेला, सुभेदार आला, पण रीत तीच. मात्र याच देवळाची १८७९ मध्ये डागडुजी आणि वाढ करायची वेळ आली तेव्हा पेशवाई जाऊन साठ वर्षं झाली होती. मग ठाण्यातल्या हिंदूंनी वर्गणी काढली. इमारत तीच राहिली, पण देवळाचा खर्च कुणी उचलायचा याचं उत्तर तिथे बदललं.

डोंबिवलीत ते पुरतं बदललं. स्टेशन झालं १८८७ साली. त्याआधी इथे खाडीकाठची गावं होती आणि त्या गावांच्या आपापल्या गावदेवी होत्या, जशी कल्याणजवळ तिसगावची तिसाई. मुंबईत नोकरी आणि इथे बिऱ्हाड, असं करून जो मध्यमवर्ग हळूहळू येऊन राहिला त्याचा देव इथे नव्हता. त्याचं कुलदैवत कोकणात नाहीतर देशावर, सणावाराला जायचं तिकडे. १९२४ मध्ये इथल्या रहिवाशांनी गणेश मंदिर उभारलं ते ना दृष्टान्त झाला म्हणून, ना कुणा सरदाराने जमीन दिली म्हणून. वस्ती वाढली, एकत्र यायला जागा हवी होती, म्हणून. देव निवडला तोही असा, की ज्याला जवळजवळ गावकी नाही. खंडोबा म्हटला की जेजुरी आली, भवानी म्हटली की तुळजापूर. गणपती मात्र रत्नागिरीकराला, सातारकराला आणि नाशिककराला सारखाच चालतो. २०२४ मध्ये या संस्थानाला शंभर वर्षं झाली. आज महाराष्ट्रभर गुढीपाडव्याला निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रांची सुरुवात १९९९ मध्ये इथूनच झाली, आबासाहेब पटवारी यांच्या कल्पनेतून. पुढे ठाण्यात कौपिनेश्वर सांस्कृतिक न्यासाने आणि कल्याणमध्ये संस्कृती मंचाने ती उचलली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जी तरुणाई लोटते तिच्यातले कितीजण आत जाऊन दर्शन घेतात हा वेगळा प्रश्न. पण भेटायचं ठिकाण म्हणून सगळ्यांच्या तोंडी नाव असतं गणेश मंदिराचंच.

आता न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमधल्या बाउन स्ट्रीटवर जाऊ. १९७० मध्ये तिथे हिंदू मंदिरासाठी संस्था स्थापन झाली, एका जुन्या रशियन ऑर्थोडॉक्स चर्चची जागा तिने घेतली आणि १९७७ मध्ये महावल्लभ गणपतीची प्रतिष्ठापना झाली. पुढाकार होता संयुक्त राष्ट्रसंघात अधिकारी असलेल्या अलगप्पन यांचा. मुख्य देव पुन्हा गणपतीच, आणि कारण पुन्हा तेच: तमिळ, तेलुगू, कन्नड, गुजराती, मराठी, कुणालाच तो परका नाही. मग शिव, वेंकटेश्वर, लक्ष्मी, हनुमान अशी बाकीची दैवतं त्याच छताखाली आली. मूळ गावी ही दैवतं वेगवेगळ्या देवळांत, वेगवेगळ्या पुजाऱ्यांच्या हाती असतात. इथे ती शेजारी आली, कारण वर्गणीदार शेजारी आले. तळघरातल्या उपाहारगृहातल्या डोशाची ख्याती देवाइतकीच पसरली आहे. गमतीचा भाग सोडला तरी ते उपाहारगृह हे देवळाच्या हिशेबाचं आणि सभासदांच्या मैत्रीचंही अंग आहे. रस्त्याला ज्या जॉन बाउनचं नाव आहे त्याला क्वेकर पंथीयांना आपल्या घरात प्रार्थना करू दिली म्हणून १६६२ मध्ये अटक झाली होती. वेगळ्या पंथाच्या माणसाला एकत्र जमू द्यावं की नाही हा प्रश्न त्या गल्लीला नवा नाही.

नवा होता तो दुसराच. फ्लशिंगच्या मंदिराचा कारभार सभासदांनी निवडलेल्या मंडळाने करायचा, की विश्वस्तांनीच आपल्या जागी पुढचे विश्वस्त नेमायचे? यावर भक्तांचे दोन तट पडले, मूळ नियमावली काय होती आणि प्रत्यक्षात काय पाळलं गेलं यावर वर्षानुवर्षं दावे चालले, आणि २००८ मध्ये प्रकरण न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च पायरीच्या न्यायालयापर्यंत गेलं. आपल्याकडे अशा भांडणाची बातमी आली की ‘देवळातही राजकारण’ म्हणून नाकं मुरडली जातात. मला उलट वाटतं. अंबरनाथला असा दावा होऊच शकला नसता, कारण तिथे मत मागायचा हक्कच कुणाला नव्हता. भांडण झालं याचा अर्थ मालकीवर दावा सांगणारी माणसं होती.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचे अभ्यासक घेतील, आणि तो वजनदार आहे. वर्गणीने धर्मस्थान उभारणं यात नवं ते काय? कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यात कल्याणचे व्यापारी, कारागीर आहेत. कल्याण तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर होतं. ग्रीक दर्यावर्दी त्याची नोंद करतात. म्हणजे या भागातला शेठ दोन हजार वर्षांपासून धर्मासाठी खिशात हात घालतो आहे. खरं आहे. पण कान्हेरीचा दाता एक कोठी देतो, पाण्याचं टाकं देतो, नाव कोरून घेतो आणि पुण्य घेऊन घरी जातो. विहाराचा कारभार भिक्षुसंघाकडेच राहतो. डोंबिवलीत आणि फ्लशिंगमध्ये पैसे देणारा माणूस वार्षिक सभेत उभा राहून हिशेब विचारू शकतो, निदान विचारता यावा असं मानलं जातं. फरक दानात नाही, दानानंतर काय उरतं त्यात आहे.

दुसरा आक्षेप आणखी अवघड आहे, कारण तो माझ्याच पहिल्या परिच्छेदातल्या उदाहरणांतून निघतो. नीसडन आणि रॉबिन्सव्हिल ही काही सभासदांनी मतदान करून चालवलेली देवळं नव्हेत. तिथे संप्रदाय आहे, गुरुपरंपरा आहे, आणि शेवटचा शब्द तिचा. अबू धाबीचं मंदिर तर मला थेट अंबरनाथच्या जातीचं वाटतं. २०२४ च्या फेब्रुवारीत ते खुलं झालं. सत्तावीस एकर जमीन तिथल्या शासकांनी दिलेली. नवव्या-दहाव्या शतकातलं एखादं दानपत्र वाचणारा अभ्यासक तिथे गेला तर त्याला काहीच चुकल्यासारखं वाटणार नाही: राजा, जमीन, आचार्य, देवालय. तेव्हा परदेशातली सगळी मंदिरं वर्गणीची, असा दावा मी करत नाही. जी सर्वांत भव्य आहेत आणि ज्यांची छायाचित्रं आपल्यापर्यंत पोचतात, ती रचनेने सर्वांत जुनी आहेत; आणि जी चर्चच्या, शाळेच्या, गोदामाच्या जुन्या इमारतीत सुरू झाली, ज्यांना शिखरही धड नाही, ती रचनेने नवी आहेत. आपलं लक्ष नेमकं उलट्या बाजूला असतं.

जमीन नसली, शासक पाठीशी नसला आणि सभासदही नसले तर काय होतं, हे त्रिनिदादच्या सिवदास साधूने दाखवून ठेवलं आहे. भारतातून गेलेल्या या ऊसमळ्यातल्या मजुराने १९४७ मध्ये वॉटरलू इथे किनाऱ्यावर छोटं देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली. देऊळ पाडलं गेलं, त्याला चौदा दिवसांचा तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर त्याने समुद्रातच भराव घालायला घेतला, कारण समुद्र कुणाच्या सातबारावर नव्हता. सायकलवरून, बादल्यांनी दगडमाती वाहत तो एकटा वर्षानुवर्षं खपला. १९७० मध्ये तो गेला. देऊळ लाटांनी खचत राहिलं आणि सरकारने ते नव्याने बांधलं ते १९९५ मध्ये, भारतीय मजूर त्रिनिदादला पोचल्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा. या कथेचं भक्तीसाठी कौतुक होतं आणि व्हायलाच हवं. मला तिच्यात दुसरंही दिसतं: एका माणसाची निष्ठा कितीही मोठी असली तरी त्याच्या मागे देऊळ सांभाळायला संस्था लागते.

मग मराठी माणसाचं काय? परदेशात तमिळ, तेलुगू, गुजराती समाजांनी जेवढी देवळं उभारली तेवढी मराठी माणसाने उभारली नाहीत. त्याने मंडळं काढली. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखरसंस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ ची. मराठी माणूस देवभोळा कमी, असं याचं सोपं उत्तर काहीजण देतात. मला ते पटत नाही. आपल्या भक्तीची घडण अशी आहे की देव जागचा हलत नाही, भक्त हलतो. विठ्ठल पंढरपूरलाच उभा, वारी आपण करायची. आणि जो देव घरी येतो, तो दीड, पाच किंवा दहा दिवसांचा पाहुणा. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने आपल्याला जमीन न घेता, कायमचा पुजारी न नेमता देव कसा बसवायचा याची सवय लावली: वर्गणी, कार्यकारिणी, मांडव, नाटक, विसर्जन, हिशेब. शाडूची मूर्ती आणि सभागृहाचं एका शनिवारचं भाडं एवढ्यात शिकागोतलं गणपतीचं काम भागतं. मॉरिशसला गेलेल्या कोकणातल्या मजुरांनीही गणपती असाच नेला, आणि आज तिथे गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. उलट ज्या मराठी संताची देवळं परदेशात ठिकठिकाणी दिसतात त्या शिर्डीच्या साईबाबांच्या बाबतीत तेलुगू भक्तांचा पुढाकार डोळ्यांत भरतो. म्हणजे मराठी माणसाने देऊळ नेलं नाही, पण देवळाच्या कारभाराची जी नवी तऱ्हा मी वर्णन करतो आहे ती तो आधीपासून जगत होता, फक्त गाभारा वगळून.

आता सर्वांत कळीचा आक्षेप. सभासदत्वाचं देऊळ म्हणजे क्लब झाला, आणि क्लबला दार असतं. कुणाला सभासद करायचं हे ठरवणारे जर एकाच जातीचे, एकाच थरातले असतील, तर राजाच्या देवळापेक्षा वेगळं काय मिळालं? या भीतीला आपल्या इतिहासात पुरेसा आधार आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला आणि तो चालू असेपर्यंत दार उघडलं नाही. पंढरपुरासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. आणि तिथल्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढणारा कायदा १९७३ मध्ये होऊनही त्यांच्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला २०१४ उजाडलं. पण ही उदाहरणं नीट पाहिली तर माझ्याच बाजूला येतात. दोन्ही ठिकाणी आडवा आला तो जुना हक्क: वहिवाट, परंपरा, पिढ्यान्‌पिढ्यांचा ताबा. नवं देऊळ बांधताना दाराची अट नव्याने लिहिता येते. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशातून झालं ते मुळातच सर्व जातींसाठी. ते वर्गणीचं नव्हतं, एका दात्याचं होतं. तरी नियम आधी आणि भिंती नंतर, हा क्रम त्याने दाखवला. नियम लिहिलेला असला की तो वाईटही असू शकतो, हे मान्य. पण लिहिलेल्या वाईट नियमावर बोट ठेवता येतं. वहिवाटीवर बोट ठेवायला गेलं की आधी ती वहिवाट आहे हेच सिद्ध करत बसावं लागतं.

म्हणून परदेशातल्या मंदिरांकडून इथे काही घ्यायचं असेल तर ते शिखर नको. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत धर्मादाय संस्थेचे, त्यात मंदिरंही आली, वार्षिक हिशेब आणि विश्वस्तांची नावं सरकारी नोंदवहीत कुणालाही घरबसल्या वाचता येतात. अमेरिकेत हे इतकं सरळ नाही. तिथे चर्चप्रमाणे मंदिरांनाही वार्षिक विवरणातून सूट आहे, त्यामुळे उघडेपणा संस्थेच्या मर्जीवर राहतो आणि फ्लशिंगसारखे वाद कोर्टात जातात. आपल्याकडे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, धर्मादाय आयुक्त आहेत, लेखापरीक्षण सक्तीचं आहे, विश्वस्त बदलले की तसा अर्ज द्यावा लागतो. कागदावर आपली व्यवस्था अमेरिकेपेक्षा कडक आहे. पण कल्याण-शिळ रस्त्यावरच्या नव्या टॉवरांच्या आवारात देऊळ उभं राहतं तेव्हा ते सोसायटीचं, बिल्डरचं की वेगळ्या न्यासाचं, हे तिथल्या सदनिकाधारकांपैकी कितीजणांनी विचारलेलं असतं? देखभाल खर्चाच्या पावतीत त्याचा आकडा वेगळा दाखवलेला असतो का? वसाहतीतल्या मुसलमान किंवा ख्रिस्ती शेजाऱ्याकडूनही तो घेतला जातो का, आणि घेतला जात असेल तर त्यालाही मत आहे का? १९२४ मध्ये डोंबिवलीकरांनी वर्गणी काढली तेव्हा देणारे कोण हे माहीत होतं. या नव्या देवळांत देणारा माहीत नसतो, घेणारा ठरलेला नसतो, आणि मूर्तीची प्रतिष्ठापना मात्र झालेली असते.