गंधारापाशी

दिवेलागण होऊन गेली आहे. रात्रीचा पहिला प्रहर.

बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल.

फोन पलीकडे ठेवा. किशोरीताई आमोणकरांचं ध्वनिमुद्रण आत्ता लावायचं नाही. आत्ता नुसतं आठवायचं.

श्वास येतो आहे. येऊ द्या. जातो आहे. जाऊ द्या.

आता तानपुरा आठवा. गवसणी उतरवलेली. घोडीवर तारेखाली एक बारीकसा दोरा. बोट तो दोरा केसभर सरकवतं, आणि बोदी वाटणारी तार एकाएकी खुलते.

पहिली तार पंचमाची. मग जोडाच्या दोन. मग खर्ज.

पुन्हा पंचम. जोड. खर्ज.

घाई नको. तानपुरे मनासारखे लागेपर्यंत ताई गायला सुरुवात करत नसत. श्रोते ताटकळत, कुरकुरतसुद्धा. आज आपल्याला कुठं जायचंय? थांबूया.

पंचम. जोड. खर्ज.

खर्जाच्या तारेकडे कान द्या. ती विरत जाते तेव्हा तिच्या पोटातून आणखी एक स्वर वर येतो.

ऐका.

तो गंधार आहे. गंधाराची तार तानपुऱ्याला नसते. कुणी तो छेडत नाही. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

त्याच्यापाशी थांबा.

श्वास येतो. श्वास जातो.

आता ताईंना बसलेलं पाहा. मांडीवर स्वरमंडळ. तारांवरून हलकेच फिरणारी बोटं. मिटलेले डोळे.

राग भूप. पाचच स्वर. मध्यम नाही, निषाद नाही. हेच पाच स्वर देसकारातही असतात, पण तिथं ओढ धैवताची. इथं सगळ्या वाटा गंधाराकडे.

षड्ज. खाली मंद्रातला धैवत. पुन्हा षड्ज. रिषभ.

रिषभावर जरा थांबा. पुढचा स्वर तुम्हाला ठाऊक आहे. तरी थांबा.

आणि गंधार.

तानपुऱ्यातला आणि गळ्यातला. दोन्ही एकमेकांत मिसळले, की कुठला कुणाचा हे शोधू नका.

मन भरकटेल. भरकटू दे. त्याला मोगूबाई आठवतील, लेकीला गाणं देणाऱ्या. गोव्यातलं त्यांचं कुर्डी गाव आठवेल, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडणारं. ३ एप्रिल २०१७ आठवेल. ताई गेल्या ती मुंबईतली रात्र, एकमेकांना केलेले फोन.

आठवू दे. मग खर्जाच्या तारेकडे परत या.

तरुणपणी काही काळ ताईंचा आवाजच गेला होता. गळ्यावाचून गाणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं.

तुम्हीही आता ओठ न हलवता, आतल्या आत तो गंधार लावून पाहा. आवाज नको. नुसती जागा शोधा.

उतरला? असू द्या. पुन्हा.

पंचम. जोड. खर्ज. आणि खर्जातून तो.

त्याच्याबरोबर एक श्वास.

आणखी एक.

हवा तेवढा वेळ असेच बसा. मग वाटलंच, तर त्यांचा भूप लावा. विलंबितापासून ऐका, एकदम ‘सहेला रे’ या बंदिशीवर उडी नको.