तिरक्या अक्षराची घाई

अक्षराला स्वतःचे मत असावे काय? मत वाक्याचे, अक्षराने ते निमूटपणे वाहून न्यावे, असा सर्वसाधारण समज आहे. बिअ‍ॅट्रिस वॉर्ड या विदुषीने १९३० साली लंडनमधील एका व्याख्यानात उत्तम मुद्रणाला नितळ काचेच्या पेल्याची उपमा दिली, ती याच अर्थाने. पेय दिसावे, पेला दिसू नये.

काही टाइपांचा मात्र पेला होऊच शकत नाही. मार्सेयच्या ऑलिव्ह फाउंड्रीसाठी रॉजे एक्सकोफाँ यांनी घडविलेल्या 'अँटीक ऑलिव्ह' कुलातला 'नॉर' हा ऐसपैस, काळाकभिन्न टाइप आणि त्याचे तिरके रूप पाहावे. अक्षर उभे नसतेच. ते धावत सुटलेले असते. अशा टाइपाला आरडाओरडा करणारा म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु त्यामागची मेहनत पाहिली म्हणजे जीभ आवरावी लागते. रेघ जाड केली की अक्षराचे पोट बुजते. ते मोकळे राहावे म्हणून त्याला रुंदी द्यावी लागते. ती नुसती ताणून मिळत नाही, कारण ताणल्यास उभ्या रेघा फुगतात व आडव्या तशाच राहतात. तिरपेपणाचेही तेच. रोमन 'ओ' यंत्राने कलविला तर त्याचा गोल दोन टोकांना जाडावतो आणि कुशीला रोडावतो. तो पुन्हा हाताने सावरावा लागतो. इतक्या संयमाने घडविलेले अक्षर असंयमी कसे म्हणावे?

आणि तिरपेपणाचा घाईशी जन्मजात संबंधही नाही. व्हेनिसमध्ये आल्डस मानुटियस याने १५०१ साली व्हर्जिलचे काव्य फ्रांचेस्को ग्रिफो याने कोरलेल्या तिरक्या टाइपात छापले, ते सबंध पुस्तकच्या पुस्तक. जोर देण्याचे काम त्या अक्षराकडे पुढे आले. वेगाचे तर त्याहून पुढे, मोटारी आणि विमाने विकणाऱ्यांकडून.

येथेच आम्हांस खरा प्रश्न दिसतो. १९५८ साली इंग्लंडात प्रेस्टनचा मोटारमार्ग खुला झाला. त्यावरील फलकांसाठी जॉक किनीर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी अक्षरे योजिली, ती सरळ, शांत, उभी. जेथे माणूस खरोखर वेगात असतो तेथे अक्षराला स्थिर राहावे लागते. अक्षर धावते ते वाचणारा थांबलेला असतो तेथे; दुकानापुढे, जाहिरातीपुढे. त्याने फार विचार न करता पुढे पाऊल टाकावे, एवढ्यासाठी. हा वेग उसना असतो, आणि उसन्याचा हिशेब कोणी विचारीत नाही.

मराठीला हा मोह जुना नाही. आपला जोर उच्चारात आहे. 'तोच', 'तेथेच' म्हटले की एका 'च'मध्ये काम भागते. शिरोरेषेवर टांगलेले अक्षर कलविण्याची आपली परंपराही नव्हती. संगणकाने ती सोय एका कळीवर आणून ठेवली.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या एका शोकसभेचे पत्रक छापून आले. ज्यांनी आयुष्यभर ग्रंथालय सांभाळले त्या गृहस्थांचे नाव रुंद, जाड, तिरक्या अक्षरांत, जणू सणाचा सवलतविक्रीचा फलक. छापखान्यातील तरुणाला मराठी येत नव्हते. नाव उठून दिसावे, एवढेच त्याच्या मनात होते. मुद्रिते आम्हीच तपासली होती. ऱ्हस्वदीर्घ पाहिले, अनुस्वार पाहिले, आणि सही करून परत पाठविली.