बहुधा हेमॅन्जिओमा

पित्ताशयात खडे आहेत का, एवढंच पाहायला सोनोग्राफी सांगितलेली असते. खडे नसतात. पण रिपोर्टमध्ये मध्येच एक ओळ असते: यकृताच्या उजव्या भागात १८ मिलिमीटरची, स्पष्ट कडांची, पांढुरकी गाठ, बहुधा हेमॅन्जिओमा. आपल्याकडे हा कागद डॉक्टरांच्या आधी पेशंट वाचतो. संध्याकाळपर्यंत तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेला असतो आणि 'गाठ' वाचल्यावर 'बहुधा'कडे कोणाचं लक्ष जात नाही.

हेमॅन्जिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. यकृतातल्या निरुपद्रवी गाठींत सर्वांत जास्त आढळणारा, बायकांमध्ये अधिक. त्याचा कॅन्सर होत नाही, तो आपोआप फुटणं अतिशय दुर्मीळ. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीतरी जणींच्या पोटात तो असणार. त्याच्यासकट त्यांनी बाळंतपणं काढली, शेतं खुरपली. सीटी स्कॅनमध्ये त्याची चाल ओळखीची असते: शिरेतून दिलेलं औषध आधी कडेला ठिपक्याठिपक्यांनी भरतं, मग सावकाश मध्याकडे सरकतं. असं चित्र दिसलं की सुई घालून तुकडा काढायची गरज नसते. उलट सुईनं रक्तस्रावाचा धोका.

सगळेच ठिपके इतके सालस नसतात. ॲडिनोमा या यकृतातल्याच दुसऱ्या प्रकारच्या गाठीचा संबंध गर्भनिरोधक गोळ्यांशी असल्याचं १९७३ पासून माहीत आहे. ॲडिनोमा ५ सेंटिमीटरच्या पुढे गेला की रक्तस्रावाची आणि कॅन्सरची भीती वाढते. पुरुषात आढळला तर आकार न पाहता काढायचा सल्ला देतात. सिरॉसिस, जुनी हिपॅटायटिस बी किंवा आधी कुठे कॅन्सर झालेला असेल, तर 'बहुधा'वर थांबणं चूकच. तिथे पुढची तपासणी व्हायलाच हवी.

त्यामुळे माझी तक्रार यंत्राबद्दल नाही. तक्रार आहे ती कसलाही त्रास नसताना सवलतीत विकल्या जाणाऱ्या 'फुल बॉडी चेकअप'बद्दल, आणि रिपोर्टखाली 'क्लिनिकल कोरिलेशन करावे', म्हणजे लक्षणांशी ताडून पाहा, असं लिहून सुटका करून घेण्याबद्दल. अर्थात त्या सुटकेला कारण आहे. १९९५ च्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. निकाल योग्यच होता, पण 'काही करू नका' असं लिहिणाऱ्याचा हात तेव्हापासून थोडा आखडला असावा. शिवाय काही न करण्याचं बिल कोण लावणार?

यकृत एरवी धडधाकट आहे, गाठ लहान आहे आणि चित्र नमुनेदार आहे, अशा हेमॅन्जिओमाला पुन्हापुन्हा पाहावंही लागत नाही. तरी दरवर्षी सोनोग्राफी करून '१८ चे १९ झाले' म्हणून झोप उडवून घेणारे लोक आहेत. एक मिलिमीटर तर मोजणाऱ्याचा हात बदलला तरी वाढतो. हे पोटावरचं जेल पुसायला कागद देतानाच सांगून टाकलं, तर फार तर दोन मिनिटं जातील.