वाहत्या नदीकाठचा इसराफ

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याच्या निमित्ताने आमच्या घरी माणसे जमतात. विजापूर वेशीतले जुने स्नेही, नात्यातली मंडळी आणि पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने आलेली पोरे. पूर्वी या बैठकीत माग, सूत आणि बंद पडलेल्या गिरण्या यांवर बोलणे चालायचे. अलीकडे ते कॉम्प्युटरवर येऊन ठेपते, कारण नात्यातली तीन-चार मुले त्याच व्यवसायात आहेत. एका ईदेला विषय निघाला तो पहिल्या कॉम्प्युटरचा. कुणी कशावर सुरुवात केली आणि आज कशावर काम करतो.

माझ्या शाळासोबत्याचे यंत्र सर्वांत जुने निघाले. 1984 साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' ही संगणक साक्षरतेची योजना सुरू केली, त्या योजनेतल्या बीबीसी मायक्रोवर तो शिकला. त्याची स्मृती 32 केबी. त्यातही बारीक किंवा रंगीत चित्र काढायचे म्हटले की 20 केबी नुसत्या पडद्यालाच जात. उरलेल्या जागेत प्रोग्रॅम बसवायचा. मग नावे एका अक्षराची ठेवायची, स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणाच्या ओळी पुसून टाकायच्या, दोन ओळींचे काम एका ओळीत करायचे. "तुम लोगां को क्या मालूम," तो पोरांना म्हणाला, "बत्तीस केबी में पूरी दुनिया चलती थी हमारी." माझ्या चुलतभावाने एका सहकारी पतसंस्थेचे हिशेब पीसी-एक्सटीवर सांभाळलेले. 640 केबी स्मृती आणि 360 केबीची लवचिक फ्लॉपी. आज मोबाइलने काढलेला एक साधा फोटो त्या फ्लॉपीत मावणार नाही. भाच्याने सुरुवात केली ती कुणीतरी वापरून विकलेल्या पेंटियमवर, आणि आज त्याच्या लॅपटॉपला 32 जीबी स्मृती आहे. बीबीसी मायक्रोच्या तुलनेत किती पट, हे त्याने तिथेच हिशेब करून सांगितले: 10,48,576 पट.

ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. आजच्या यंत्राचे कौतुक कुणीच करत नव्हते. जो तो आपल्या पहिल्या यंत्राच्या गरिबीचे आणि त्या गरिबीत आपण केलेल्या काटकसरीचे गोडवे गात होता. अनवाणी शाळेत गेल्याचे सांगणाऱ्या बुजुर्गांचा सूर असतो ना, अगदी तोच. आजची पोरे उधळी, आम्ही एकेक बाइट जपून वापरला!

मला प्रश्न पडला तो असा. यंत्र गरीब होते तेव्हा हे सारे काटकसरी होते. यंत्र श्रीमंत झाले आणि काटकसर गेली. मग ती काटकसर माणसाचा गुण होती की यंत्राचा? रोजेदार आणि फाकेकरी, दोघांचीही पोटे रिकामी असतात. फरक असतो तो नियतमध्ये. ज्याच्या घरात पीठच नाही त्याने जेवला नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये, आणि इतरांनीही त्याला साबिर ठरवून त्याच्या भुकेचे उदात्तीकरण करू नये. 32 केबीत प्रोग्रॅम बसवणे हे कौशल्य होते, मेहनत होती, याबद्दल वाद नाही. पण ते नैतिक होते असे म्हणायचे तर समोर उधळण्याची सोय असायला हवी होती.

याबाबत एक प्रसिद्ध हदीस आहे. हजरत साद वजू करीत होते. पैगंबरसाहेब तेथून जाताना म्हणाले, हा इसराफ कशासाठी? सादनी आश्चर्याने विचारले, वजूच्या पाण्यातही इसराफ असतो काय? उत्तर मिळाले, होय, तू वाहत्या नदीच्या काठी असलास तरीही. या हदीसच्या सनदीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि अनेकांनी ती कमजोर मानली आहे, हे मला ठाऊक आहे. तिच्यातला विचार मात्र दुर्लक्षून चालत नाही. पाणी टंचाईचे असताना जपून वापरणे हे सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे आम्ही जन्मतःच मुत्तकी! खरा प्रश्न नदीच्या काठी सुरू होतो. आणि भाच्याचा 32 जीबीचा लॅपटॉप म्हणजे नदीच की.

पण इथेच थांबलो तर जुन्या काळाची आरती ओवाळल्यासारखे होईल. त्या काटकसरीचा दुसरा चेहराही पाहिला पाहिजे.

जागा वाचवायची म्हणून जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे ठेवले जात. 1975 चे 75. दोन आकडे वाचले, पण 2000 साल उजाडायची वेळ आली तेव्हा जगभर ते प्रोग्रॅम उसवून दुरुस्त करावे लागले. भारतातल्या कंपन्यांना त्या कामाने मोठा धंदा मिळाला, आपल्याकडच्या कितीतरी मुलांना नोकऱ्या मिळाल्या, ही गोष्ट निराळी. काटकसर करणाऱ्याने आपल्या सोयीसाठी काढलेले कर्ज दुसऱ्याच पिढीने फेडले.

याहून जिव्हारी लागणारे उदाहरण आपल्या अक्षरांचे. 1963 साली अमेरिकेत संगणकासाठी अक्षरांची प्रमाण यादी ठरली, ती आस्की. तिच्यात एकूण 128 जागा. इंग्रजी त्यात ऐसपैस बसली. आपल्या क, ख, गला जागा नव्हती, उर्दूच्या अलिफ, बे, पेलाही नव्हती. ही काटकसर कुणाच्या वाट्याची होती? ज्यांची लिपी त्यात मावली त्यांना ती टापटीप वाटली. आपण तर उंबरठ्याबाहेरच होतो. पुढे इस्की आले, पण छपाईच्या जगात प्रत्येक फॉन्टवाल्याची आपली वेगळी मांडणी राहिली. मराठीत लिहिणाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. लेख पाठवला की सोबत फॉन्टही पाठवायचा, नाहीतर संपादकाच्या पडद्यावर नुसत्या चिन्हांचा कचरा. नस्तालीकची तर बातच और. तिची अक्षरे एकमेकांना बिलगून उतरत्या ओळीत बसतात, म्हणून 1981 साली नूरी नस्तालीक तयार करताना कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांना सुमारे वीस हजार जोडरूपे हाताने लिहावी लागली. दिल्लीत तयार झालेल्या इनपेजने 1994 नंतर ती नस्तालीक साध्या कॉम्प्युटरवर आणली. (त्यात कातिबांचे दुकान बंद झाले. त्यांची आठवण न काढता हा इतिहास सांगणे मला जमत नाही.) 1991 सालच्या युनिकोडमध्ये देवनागरी आणि अरबी लिपी एकाच यादीत आल्या. आज 'मराठी' हा शब्द साठवायला पंधरा बाइट लागतात, एकेका चिन्हाला तीन. 32 केबीच्या काळात ही चैन कुणाला परवडली असती? तेव्हा स्मृतीची सुबत्ता आली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की तुमच्या-माझ्या मातृभाषेला या यंत्रात घर मिळाले ते या सुबत्तेमुळेच.

म्हणजे कमी वापरणे हा आपोआप सद्गुण नाही आणि जास्त वापरणे हा आपोआप गुन्हा नाही. मग इसराफ शोधायचा कुठे? मला वाटते, किती पाणी वापरले यापेक्षा ते कुणाच्या घड्यातले होते, हे आधी विचारले पाहिजे.

हे समजायला सोलापूरच्या माणसाला दूर जायला नको. आपली चादर जकार्डवर विणली जाते. आधी ग्राफच्या कागदावर फूल काढतात, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडतात. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. एक पत्ता म्हणजे बाण्याची एक ओळ. 1804 साली फ्रान्समधल्या जकारने बांधलेल्या या मागाचेच पत्ते पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी योजले, आणि 1890 च्या अमेरिकन जनगणनेत हॉलरिथच्या यंत्राने भोकांचीच कार्डे वाचली. या अर्थाने आमच्या गावात माग चालवणारा प्रत्येक जण संगणकाचा दूरचा नातेवाईक आहे. मुद्दा असा की पत्ते कापणारा आणि माग चालवणारा एकाच पेठेत राहत. एक भोक चुकले की ती चूक प्रत्येक चादरीत त्याच जागी उमटे, आणि विणकर संध्याकाळी पत्ते घेऊन दारात उभा राही. पत्ते उगाच वाढवले तर तो खर्च कुणाच्या अंगावर पडतो, हे कापणाऱ्याला डोळ्यांनी दिसे.

पहिल्या कॉम्प्युटरांच्या बाबतीतही तसेच होते. माझ्या चुलतभावाने प्रोग्रॅम लिहिला तो ज्या एक्सटीवर, त्याच यंत्रावर पतसंस्थेचा कारकून दिवसभर बसे. यंत्र रडत चालले तर दोघेही रडत. आज भाचा लिहितो 32 जीबीच्या यंत्रावर, आणि त्याचे काम चालते कुठे? कुणाकुणाच्या खिशातल्या फोनवर. नदी त्याच्या दारातून वाहते, पण वजूचे पाणी तो दुसऱ्याच्या घागरीतून सांडतो. त्याला ते सांडताना दिसत नाही.

हे मी बैठकीत बोललो आणि पोरे हसली. मामूंनी पुन्हा तकरीर सुरू केली! तेवढ्यात आमची आपा आतून आली. आपाने चाळीस वर्षे विड्या वळल्या. तिच्याकडे दोन जीबी स्मृतीचा जुना स्वस्त मोबाइल. तिची तक्रार साधी होती. बँकेचे ॲप नवे करा असा निरोप येतो आणि करायला गेले की फोन म्हणतो, जागा नाही. "दर वेळी नातवंडांचे फोटो काढून टाकावे लागतात," आपा म्हणाली. भाच्याने फोन हातात घेतला. बँकेच्या ॲपमध्ये काय काय भरलेय ते बघून तोच गप्प झाला. शिल्लक पाहणे आणि पैसे पाठवणे, एवढेच आपाला लागते. बाकी सारा जाहिरातींचा, चित्रांचा आणि कुणी काय दाबले याची नोंद ठेवण्याचा पसारा.

भाच्याने आपली बाजू मांडली, आणि ती खोटी नव्हती. मामू, हे मी ठरवत नाही. पंधरा दिवसांत काम द्यायचे असते. हलके लिहायला तिप्पट वेळ लागतो आणि त्या वेळेचा पगार कुणी देत नाही. तयार माल जोडून काम भागते, मग त्या मालाबरोबर गरज नसलेले दहा डबे येतात. स्मृती स्वस्त आहे, माणूस महाग. हा हिशेब कंपनीच्या वहीत बरोबर बसतो, हे मला मान्य. पण त्या वहीत आपाच्या खात्याचे पान नाही. तिचे फोटो कुठल्याच रकान्यात खर्ची पडत नाहीत.

आपल्याकडे हक्क दोन प्रकारचे मानतात. अल्लाहचा हक्क आणि बंद्यांचा हक्क, हुकूकुल इबाद. पहिल्यातली कसूर अल्लाह माफ करील. दुसऱ्यातली ज्याचा हक्क बुडाला त्यानेच माफ करायची. लोक इसराफकडे पहिल्या प्रकारातली, जरा खाजगी चूक म्हणून पाहतात: मी माझे पाणी सांडले. मला तो इथे दुसऱ्या प्रकारात मोडतो असे वाटते. अल्गोरिदम हा शब्द बगदादच्या अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला, हे आपल्या सभांतून अभिमानाने सांगितले जाते आणि टाळ्या घेऊन वक्ता खाली बसतो. सुमारे 820 सालच्या त्याच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसा आणि वसियतीच्या वाटणीच्या गणितांनी भरलेला आहे, हे कुणी सांगत नाही. बायकोचा वाटा किती, मुलीचा किती, कर्ज आधी कुणाचे फेडायचे. गणित कुणासाठी करायचे, हे त्याला पक्के माहीत होते.

माझ्या चुलतभावाचा आठ-नऊ वर्षांचा कॉम्प्युटर अजून ठणठणीत आहे. पण 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची साथ थांबवली, आणि विंडोज 11 त्याच्या यंत्राला आपले मानत नाही. यात सुरक्षेचा भाग आहे, हे भाचा पटवून देतो आणि मला ते थोडेबहुत पटतेही. तरी धडधाकट माणसाला घरचेच लोक म्हातारा ठरवतात तेव्हा वाटते तसे काहीतरी त्या यंत्राकडे पाहून वाटते.

पुढच्या ईदेला भाचा आला तो आपासाठी नवा मोबाइल घेऊन. जुना त्याने मागून घेतला. तो आता पुण्यात त्याच्या टेबलावर असतो. नवे काही लिहिले की आधी खालाच्या फोनवर चालवून बघतो, असे तो सांगतो. दोनदा साहेबाशी वाजलेही म्हणे. आपाच्या नव्या फोनमधली जागाही भरत आली आहे, पण त्यातले निम्मे तरी नातवंडांचे फोटो आहेत.