मधला वेळ

कल्याणच्या एसटी स्टँडवर आम्ही सहा जण पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि माळशेज घाटातून जाणारी शेवटची गाडी निघून गेली होती. 1994 चा डिसेंबर. कॉलेजचं शेवटचं वर्ष. हरिश्चंद्रगडाला निघालो होतो, खुबी फाट्यावर उतरून खिरेश्वरमार्गे. पुढची गाडी पहाटे. सॅका भिंतीला टेकवल्या, दोनदा चहा झाला, भेंड्या खेळून झाल्या, पत्त्यांचा डाव मांडला आणि मोडला. मग एकेक जण सॅकेवर डोकं टेकून झोपला. जागे राहिलो दोघेच.

चार वर्षं आम्ही एका बाकावर बसत होतो. त्याच्या घरी मी कधी गेलो नव्हतो, आणि का गेलो नव्हतो हे मला कधी सुचलंही नव्हतं. त्या रात्री दोनच्या पुढे, काही निमित्त नसताना, तो वडिलांबद्दल बोलायला लागला. वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, मुंबईतले जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि वडील पुन्हा आत गेलेच नाहीत. ‘अजून पहिल्या पाळीच्या वेळेला उठतात,’ तो म्हणाला. ‘अंघोळ करतात, शर्ट घालतात आणि दारात खुर्ची टाकून बसतात. बारा वर्षं.’ मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, आणि तिथून उठून जायला जागाही नव्हती. समोर रिकामे फलाट, एक कुत्रं, चौकशीच्या बंद खिडकीवरचा पिवळा दिवा.

त्या सहलीतला गड मला आज तुकड्यातुकड्यांनी आठवतो. केदारेश्वराच्या गुहेतलं कमरेएवढं गार पाणी, चारांपैकी उरलेला एकच खांब, गणेशगुहेत रात्रभर डोळ्यांत गेलेला धूर. कल्याणचा स्टँड मात्र अख्खा आठवतो.

मला वाटतं, सहलीला आपण जातो ते ठिकाण पाहायला, पण मैत्री घडते ती ठिकाणांच्या मधल्या वेळात. गाडी चुकलेली असते. पाऊस उघडायची वाट पाहायची असते. लाकडं ओली असतात आणि भात शिजत नसतो. कुणाच्या बुटाचा तळ निघालेला असतो आणि सगळे सुतळी शोधत असतात. हा वेळ सहलीच्या बेतात लिहिलेला नसतो, त्याचा कुणी फोटो काढत नाही, परत आल्यावर त्याबद्दल कुणी विचारत नाही. पण माणसाच्या आत जे बरेच दिवस अडून बसलेलं असतं, ते बाहेर यायला असाच वेळ लागतो. सूर्यास्तासमोर उभं राहून कुणी घरातलं दुःख सांगत नाही. सूर्यास्त संपल्यावर, अंधारात चाचपडत गुहेकडे परतताना सांगतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुन्हा त्याच गडावर निघालो. सहापैकी पाच जण, सहावा न्यू जर्सीत असतो. आता स्टँडवर रात्र काढायची गरज नव्हती. पहाटे ठाण्याहून गाडी काढली. कसारा घाट, घोटी, भंडारदरा, राजूर आणि पाचनई. पाच तास पाच जण एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. इतका सलग वेळ आम्हाला कित्येक वर्षांत एकत्र मिळाला नव्हता. आणि त्या पाच तासांत काय बोललो ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. कुणीतरी एक व्हिडिओ दाखवला, तो सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्यानं त्याहून चांगला शोधला. मधे कुणाच्या तरी ऑफिसचा फोन. मग बराच वेळ प्रत्येक जण आपापल्या हातात पाहत होता.

शेंडी गाव मागे पडल्यावर तो, तोच लालबागचा मित्र, खिडकीबाहेर पाहत म्हणाला, ‘अरे, गेल्या महिन्यात मला जरा...’

मी कसारा घाटातल्या धुक्याचा फोटो टाकला होता आणि तो कुणी कुणी पाहिला ते बघत होतो. मी ‘हं’ म्हणालो. मान वर केली नाही. तो थांबला. मग कुणीतरी गाणं लावलं.

गडावर दोन दिवस छान गेले. तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला, त्याची बायपास झाली होती. ‘तुम्हाला बोलले नव्हते?’ त्या म्हणाल्या. ‘गडावर सगळ्यांना सांगतो म्हणाले होते.’

त्या ‘जरा’च्या पुढे काय होतं हे मला असं कळलं. तो ‘हं’ माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि हा लेख मी त्यासाठीच लिहितो आहे.

फोनला शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण त्यानं काही हाती लागत नाही. हे यंत्र आपल्याकडून नेमकं काय नेतं ते पाहिलं पाहिजे. गडावरचा कोकणकडा ते नेत नाही. कड्यावर पोचल्यावर माणूस एक क्षण तरी स्तब्ध होतोच. ते नेतं दोन मिनिटं, चार मिनिटं, सिग्नलला थांबलेली गाडी, चहा येईपर्यंतचा वेळ. पूर्वी इंटरनेटवरच्या पानाला तळ होता. तिथं पोचलं की पुढचं पान मागावं लागे. 2006 मध्ये एझा रास्किन या रचनाकारानं तो तळच काढून टाकणारी रचना केली: बोट वर सरकवत राहा, मजकूर येत राहील. पुढे त्यानंच तिच्या परिणामांबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. तळ ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. तळाशी माणूस थांबतो, मान वर करतो आणि समोर कोण बसलंय ते पाहतो. आपल्याकडे सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, हळूहळू घाटातसुद्धा रेंज आली, आणि हा बिनतळाचा मजकूर एसटीच्या बाकापर्यंत पोचला. मधला वेळ भरून काढण्यात याच्याइतकं वाकबगार आजवर दुसरं काही नव्हतं.

माध्यमं सहलीत पूर्वीही असत. आमच्या आधीच्या पिढीनं ट्रान्झिस्टर कानाला लावून गड चढत क्रिकेटचं समालोचन ऐकलं आहे. 1987 आणि 88 च्या रविवारी सकाळी ‘रामायण’ लागलं की रस्ते ओस पडत, आणि आमच्या चाळीत एका टीव्हीसमोर चाळीस माणसं दाटीवाटीनं बसत. लक्ष तेव्हाही दुसरीकडे जात होतं, पण सगळ्यांचं एकाच ठिकाणी जात होतं, आणि कार्यक्रम संपला की सगळ्यांचं एकदमच परत येत होतं. चौकार गेला की ट्रान्झिस्टरवाला ओरडे आणि बाकीचे ‘कोण, कोण?’ म्हणून त्याच्याभोवती जमत. आमच्या गाडीत पाच जणांचं लक्ष पाच गावांना गेलं होतं.

फोटोंबद्दलही मी असाच विचार करत आलो आहे. त्या 1994 च्या सहलीत सहा जणांत मिळून छत्तीस फोटोंचा एक रोल होता. प्रत्येक फोटोआधी चर्चा व्हायची: हा काढायचा की कड्यासाठी ठेवायचा? अमेरिकेत फेअरफिल्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी 2014 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संग्रहालयातल्या काही वस्तू नुसत्या पाहायच्या आणि काहींचे फोटो काढायचे, असं लोकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. पण ज्या वस्तूंचा एखादा भाग जवळ आणून टिपला होता, त्यांची आठवण तशी घटली नव्हती. म्हणजे नुकसान कॅमेऱ्यामुळे होत नाही. ‘तू बघ, तू लक्षात ठेव’ असं म्हणून आपण पाहण्याचं काम त्याच्यावर सोपवतो, त्यामुळे होतं. मित्राच्या बाबतीतही आपण तेच करू लागलो आहोत का? ग्रुपवर त्याचे वाढदिवस, बढत्या, मुलीचे दहावीचे मार्क सगळं नोंदलेलं आहे. कळतं सगळं, म्हणून विचारायचं राहून जातं.

आपल्या भाषेत लक्ष जातं, लागतं, उडतं. पण माणसाकडे ते ‘द्यावं’ लागतं. आणि आपल्या साहित्याच्या अगदी उगमापाशीच एकानं ते मागून घेतलं आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या तोंडालाच ज्ञानदेव श्रोत्यांकडे फक्त अवधान मागतात. ते द्या, सगळ्या सुखाला पात्र व्हाल, अशी ग्वाही देतात. ही मागणी थोरवी मिरवण्यासाठी नाही, सलगीनं केलेली विनवणी आहे, असं तेच लगोलग सांगतात. सलगी या शब्दापाशी मी पुष्कळ वेळ थांबलो. अवधान हक्कानं वसूल करता येत नाही. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्याजवळच ते मागता येतं, आणि तेही असं, अर्ध्या वाक्यानं, खिडकीबाहेर पाहत.

हरिश्चंद्रगडावरच्या देवळाच्या शिलालेखांत चांगदेवांचं नाव येतं. ज्ञानदेवांना कोरं पत्र धाडणारे चांगदेव ते हेच की दुसरे, यावर अभ्यासकांनी वाद घातले आहेत. मला त्या कथेतलं कोरं पत्र महत्त्वाचं वाटतं. काय लिहावं, कोणत्या मायन्यानं सुरुवात करावी हे न सुचल्यानं चांगदेवांनी कागद तसाच पाठवला, आणि त्याला पासष्ट ओव्यांचं उत्तर आलं. न लिहिलेलं वाचणारं कुणीतरी पलीकडे होतं.

गेल्या सप्टेंबरात आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरांनी त्याला परवानगी दिली, पण अट घातली की चढ सावकाश चढायचा आणि धाप लागायच्या आत थांबायचं. पाचनईची वाट आमच्यासारख्याला अडीच-तीन तासांची. आम्हाला साडेपाच तास लागले. दर दहा मिनिटांनी थांबत होतो. कपारीत, ओढ्यात, कारवीच्या सावलीत. थांबलं की बसायचं, आणि बसलं की करायला काहीच नसायचं. चौथ्या की पाचव्या थांब्यावर त्यानं ऑपरेशनच्या आदल्या रात्रीबद्दल सांगितलं. शेवटची काही वर्षं वडील ज्या खुर्चीत बसत, ती त्यानं पुतण्याला सांगून दारात ठेवायला लावली होती. का, ते त्यालाही सांगता येईना. आम्ही उठायची घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास कोकणकड्यावर होतो. दरी ढगांनी भरलेली, पाठीशी ऊन. आणि समोरच्या ढगावर, आमच्या सावल्यांपाशी, सप्तरंगी कडं उमटलं. इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं या गडावर ते पाहून 1835 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि आज भटके त्याची आस धरून इथं येतात. न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. एका कोपऱ्यात रेंज होती. सहाव्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन दरीकडे धरला. तो गादीत उठून बसला. बराच वेळ नुसता पाहत होता. मग म्हणाला, ‘अरे, मला तुझ्या एकट्याच्याच सावलीभोवती दिसतंय.’

ते तसंच असतं. सूर्य, डोळा आणि सावलीतलं डोकं एका रेषेत येतात, त्या रेषेभोवतीच ते कडं उमटतं. म्हणून प्रत्येकाला ते स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. शेजाऱ्याची सावली दिसते, त्याचं कडं दिसत नाही. फोननं त्या मित्राला माझ्या जागी उभं केलं होतं, माझ्याच डोळ्यानं पाहायला. त्या सकाळी फोन हातात असल्याचा मला आनंद झाला.

लालबागचा मित्र माझ्या डावीकडे उभा होता, एक हात छातीवर. ‘माझ्याभोवती आहे ना रे?’ त्यानं विचारलं.

मी त्याच्या सावलीकडे पाहिलं. नुसती सावली होती, करडी. ‘मला नाही दिसत,’ मी म्हणालो. ‘तुला दिसतंय?’

‘दिसतंय की.’

‘कसं दिसतंय, सांग.’

त्यानं श्वास घेतला आणि बाहेरच्या रंगापासून सांगायला सुरुवात केली.