नापास तारा

आकाशातही नापास होण्याची सोय असेल, असे शाळेत शिकताना आम्हाला कधी वाटले नव्हते. स्वतः शिकवायला लागल्यावर एका पुस्तकात तपकिरी बटूंची माहिती वाचली. ग्रहाहून जड आणि ताऱ्याहून हलका असा हा वायूचा गोळा. त्याचे वस्तुमान गुरूच्या साधारण ७५ ते ८० पट असते, तर पोटात हायड्रोजनची भट्टी पेटली असती. ती पेटत नाही. मग जन्मवेळची ऊब घेऊन तो थंड होत राहतो. पुस्तकात त्याला 'अयशस्वी तारा' म्हटले होते. आम्ही वर्गात उर्दूत सांगितले, 'नाकाम सितारा.' मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, उसने इम्तिहान कब दिया था?"

वर्ग हसला, आम्हीही हसलो. उत्तर मात्र देता आले नाही.

असे गोळे असू शकतात, हे १९६० च्या दशकात गणिताने मांडणारे शिव कुमार भारतात जन्मलेले. त्यांनी दिलेले नाव होते 'काळे बटू'. १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी 'तपकिरी' हा शब्द आणला. गंमत अशी की हे गोळे तपकिरीही नसतात. म्हणजे नावाचा घोळ पहिल्यापासूनचाच.

मृग नक्षत्राच्या पायाशी शशक नावाचा तारकासमूह आहे. त्यातल्या ठळक ताऱ्याचे नाव अर्नेब. अरबीत 'अर्नब' म्हणजे ससा, हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही. याच समूहात, सुमारे १९ प्रकाशवर्षांवर, ग्लीझ २२९ हा एक लाल बटू तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. १९९५ मध्ये पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीतून या ताऱ्याची झळाळी झाकून त्याच्या शेजारचा मंद ठिपका ओळखला गेला. ओळखणाऱ्यांत आपल्या कुरुंदवाडात जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णीही होते. त्या ठिपक्याच्या प्रकाशात मिथेन सापडला. ताऱ्याच्या उष्णतेत मिथेन टिकत नाही, तो गुरूसारख्या ग्रहावर आढळतो. तपकिरी बटू खरोखर असतात, याची शंका मग उरली नाही.

पुढे काही वर्षांनी, मूळ तारा किती ओढला जातो यावरून, या सोबत्याचे वजन निघाले. गुरूच्या सुमारे ७१ पट! तारा होण्याच्या उंबरठ्यावरच म्हणायचे. एवढ्या वजनाचा गोळा बराच तेजस्वी असायला हवा होता, आणि हा तर फारच मंद. आमच्यासारख्या परीक्षकाने इथे लगेच शेरा मारला असता. शास्त्रज्ञांनी आकडे जुळत नाहीत एवढेच म्हटले आणि शोध चालू ठेवला. २०२४ मध्ये चिलीतल्या दुर्बिणींनी उत्तर दिले. तो एक नव्हताच, दोन होते. एक गुरूच्या ३८ पट, दुसरा ३४ पट. चंद्र आपल्यापासून जेवढा दूर, त्याच्या १६ पट अंतर राखून ते सुमारे १२ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. हलका गोळा लवकर निवतो, म्हणून दोघांचा मिळूनही उजेड कमीच. वजन बरोबर होते, उजेडाचे मोजमापही बरोबर होते. चूक झाली होती ती 'एक' धरण्यात.

हे वाचले तेव्हा आम्हाला आमचा एक विद्यार्थी आठवला. त्याच्या घरात कोकणी बोलत, शाळेत उर्दू. वर्गात तो अडखळे, अर्धे वाक्य बोलून थांबे. आम्ही प्रगतिपुस्तकात लिहिले, 'आकलन कमी.' एका संध्याकाळी खाडीच्या धक्क्यावर तो लहान पोरांना कोकणीत एक लांबलचक गोष्ट सांगताना दिसला. पोरे तोंड उघडी टाकून ऐकत होती. आम्ही ज्याला एक मंद दिवा समजलो, त्याच्यात दोन भाषा एकमेकींभोवती फिरत होत्या.

गोष्ट इथे संपली तर ती फार सोयीची होईल. कारण खरा प्रश्न पुढेच आहे. आणि दोन नसते तर? तो गोळा एकटाच आणि खरोखर मंद निघाला असता, तर त्याला नाकाम म्हणणे रास्त ठरले असते काय? मुलाला दुसरी भाषा, दडलेला गुण, काहीच नसते, तर आमचा शेरा इन्साफाचा झाला असता काय? आम्हाला तसे वाटत नाही. मोजू नये, असे आमचे म्हणणे नाही. भट्टी पेटली नाही तर नाही पेटली. ७१ ला ८० म्हणणे ही दया नव्हे, लबाडी आहे. पण 'पेटली नाही' ही नोंद झाली, 'अयशस्वी' हा निकाल. जी परीक्षा त्याने दिलीच नाही, तिचा निकाल. गोळ्याला त्याचे सुखदुःख नाही. १९ प्रकाशवर्षांवर आमचा शब्द कोण ऐकतो? मुलगा मात्र पहिल्या बाकावर बसलेला असतो.

सातवीनंतर तो शाळेत आला नाही. आम्ही घरी गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला आणि ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले प्रगतिपुस्तक काढून आमच्यापुढे ठेवले. त्यांना वाचता येत नव्हते. यात काय लिहिले आहे, असे त्यांनी विचारले. मुलाने त्यांना कधी सांगितले नव्हते. अक्षर आमचेच होते.